ताता आम्ब्रोसियोचा शेवटचा मुखवटा

मुखवटा निघत नाहीये हे सेवेरो विल्काच्या लक्षात आलं, तेव्हा चर्चचं दार तीस पावलांवर होतं आणि त्याच्या पथकातल्या दोनशे सैतानांनी आपापली तोंडं काढून काखेत मारली होती.

ओरूरो या खाणींच्या शहरात कार्निव्हलच्या शनिवारी असंच असतं. सकाळपासून अख्ख्या शहरातून नाचत यायचं, शिंगं उडवायची, पोरांना घाबरवायचं, पोरींना त्याहून जास्त. पण खाणीवरच्या मारियामातेच्या पायऱ्या आल्या की सैतानाने सैतानपण उतरवायचं आणि उघड्या तोंडाने, गुडघ्यांवर सरकत आत जायचं. नवस कोण फेडतंय, हे मातेला दिसायला नको?

"बाबा, काढा ना आता," सेवेरोची मुलगी निएवेस म्हणाली. ती सकाळपासून पाण्याची बाटली आणि संत्र्यांची पिशवी घेऊन पथकाच्या कडेने चालत होती.

"काढतोय," मुखवट्याच्या आतून आवाज आला.

"मग?"

"मग काय? काढतोय म्हटलं ना!"

सेवेरोने दोन्ही शिंगं धरून वर जोर लावला. त्याच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, मुखवटा जागचा हलला नाही. निएवेसने तेव्हा पहिल्यांदा त्या मुखवट्याकडे नीट पाहिलं. माथ्यावर तीन तोंडांचा साप, बल्बचे बटबटीत डोळे, आरशाच्या तुकड्यांचे दात, मागे घोड्याच्या केसांची दाट आयाळ.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा तुमचा मुखवटा नाहीये. हा क्लेतोकाकांचा आहे."

"चुकून घातला गेला," सेवेरो म्हणाला.

हे खरं मानायला एकच अडचण होती. सेवेरोच्या हातून जगातला कुठलाही मुखवटा चुकून घातला गेला असता, पण हा नाही.

सेवेरोचे वडील मुखवटे करायचे. सगळं शहर त्यांना ताता आम्ब्रोसियो म्हणायचं. त्यांच्या तरुणपणी सैतानाला दोन शिंगं आणि फार तर एक पाल असली की भागायचं. मग गिऱ्हाइकं साप मागायला लागली, मग बेडूक, मग तीन तोंडांचे साप. "पाप होतं तेवढंच आहे, साप वाढलेत," असं म्हणत तातांनी तेही केलं. पुढे पत्र्याचे मुखवटे आले, मग बादलीसारखे हलके फायबरचे आले, तरी तातांनी कापड, सरस आणि प्लॅस्टर सोडलं नाही. त्यांचा मुखवटा अखंड असायचा, कुठेही जोड नाही. दुसरे कारागीर तो उलटासुलटा करून शिवण शोधायचे आणि मुकाट्याने परत ठेवायचे.

अकरा वर्षांपूर्वी ताता गेले तेव्हा त्यांच्या बाकावर एक मुखवटा तयार होता. तो कोणासाठी, हे ते कोणाला बोलले नव्हते. सेवेरो म्हणाला, मी थोरला. क्लेतो म्हणाला, मी वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून प्लॅस्टर कालवलं, तू रेल्वेच्या गोदामात पावत्या फाडत होतास. मुखवटा दुकानात होता आणि दुकान क्लेतोकडे होतं, तेव्हा निकाल आपोआप लागला. सेवेरोने बाजारातून फायबरचा मुखवटा आणला आणि भावाशी बोलणं टाकलं.

पथक मात्र दोघांपैकी कोणीही सोडलं नाही. रांगही सोडली नाही. अकरा वर्षं दोघे एकमेकांच्या शेजारी नाचत होते आणि पथकाचे प्रमुख इलारियोनकाका यांच्यामार्फत बोलत होते.

"काका, त्याला सांगा, माझ्या टाचेवर पाय देतोय."

"काका, याला सांगा, टाच आवर."

आणि वर्षभर, चहाच्या दुकानात असो की न्हाव्याकडे, सेवेरोचं एक पालुपद ठरलेलं असायचं. तातांचा तो शेवटचा मुखवटा म्हणजे कळस, आणि क्लेतो स्वतः करून दुकानात टांगतो ते भोपळे.

"काय खोळंबा आहे?" इलारियोनकाका शिट्टी सावरत आले. "क्लेतो, तुझं काय अडलंय?"

"हे क्लेतोकाका नाहीत," निएवेस म्हणाली. "मुखवटा त्यांचा आहे. आत बाबा आहेत."

सत्तरीच्या इलारियोनकाकांनी छातीवर क्रूस काढला. "म्हणजे अखेर जमलं म्हणायचं दोघांचं!"

"जमलं नाही, अडकलंय. निघत नाहीये."

मग ओढाओढ सुरू झाली. इलारियोनकाकांनी शिंगं धरली, निएवेसने बापाची कंबर धरली, दोन तरण्या सैतानांनी पाय धरले. तिसऱ्या हिसक्याला सेवेरो जमिनीला समांतर झाला आणि रस्त्याकडेच्या बाकांवर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, यंदा नवीन प्रकार बसवलाय.

पुऱ्या तळणाऱ्या एका बाईला दया आली. तिने गार चरबीचा गोळा आणून हनुवटीखालून आत सारला. निम्मी चरबी मानेवरून पाठीत उतरली, निम्मी शिंगांना लागली. आता मुखवटा आतून होता तेवढाच घट्ट राहिला आणि बाहेरून मात्र धरवेना. शिवाय वासाने दोन कुत्री येऊन सेवेरोच्या बुटांपाशी बसली ती बसलीच.

"मी असाच जातो आत," सेवेरो म्हणाला. "मातेला आतलं दिसतं."

तो गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत गेला. दारावरच्या सेवेकऱ्याने आडवा हात घातला.

"सैतान बाहेर."

"अहो, मी सेवेरो! गोदामातला!"

"मला काय दिसतंय ते सांगू का?"

"नवस आहे हो. तिसरं वर्ष, शेवटचं. आज नाही फेडला तर मोडेल."

"नवस तोंड दाखवून फेडायचा असतो. गेल्या साली एक अस्वल असंच 'अडकलंय, अडकलंय' करत आत शिरलं. फादरनी माझी जी हजेरी घेतली ना! मागे व्हा."

मागून पुढच्या पथकाचे ढोल ऐकू यायला लागले. इलारियोनकाकांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं. ते आले की दार त्यांचं. आपली वेळ गेली की गेली."

तेवढ्यात क्लेतो आला. त्याच्या डोक्यावर सेवेरोचा फायबरचा मुखवटा होता आणि तो इतका सैल होता की शेवटचा अर्धा मैल क्लेतो एका नाकपुडीतून बघत नाचला होता. एका वळणावर तो वळलाच नाही, सरळ ढोलवाल्यांत शिरला. मुखवटा काढून त्याने घाम पुसला आणि समोरचा देखावा पाहिला.

"काका, याला विचारा, दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यायला कोणी शिकवलं?"

"काका, त्याला सांगा, चुकून झालं."

"काका, याला सांगा, या मुखवट्यात हे डोकं चुकून जात नाही. कानांवरून ठोकून बसवावं लागतं. याच्या डोक्यात दोन माणसं राहतील, एवढा तर वाडगा आहे!"

"गप्प बसा दोघेही!" इलारियोनकाका ओरडले. "निएवेस, काहीतरी धारदार बघ."

शेजारच्या एका घराचं छप्पर नव्याने घालत होते. तिथल्या माणसाने पत्रा कापायची कात्री दिली. ती लांबलचक कात्री पाहून आसपासची कुजबुज थांबली. सगळे क्लेतोकडे बघायला लागले. तातांच्या हातचं शेवटचं काम होतं ते. ज्याच्यासाठी त्याने सख्खा भाऊ तोडला, तो आता काय म्हणतो?

"कापा," क्लेतो म्हणाला.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईने तोंडावर शालीचं टोक धरलं. "बाई गं! काळीज आहे का दगड?"

"पोरा, विचार कर," इलारियोनकाका म्हणाले.

"केला. मानेपासून सरळ वर कापा. आयाळीला हात लावू नका, पुढून कापा. लवकर." तो कोणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता.

कात्रीचं टोक हनुवटीला लागलं मात्र, आतून अशी डरकाळी आली की दोन्ही कुत्री पळाली.

"खबरदार!"

"बाबा, वेळ नाहीये!"

"कोणी हात लावायचा नाही! तातांचा मुखवटा आहे हा. मी राहीन असाच."

"असाच म्हणजे?"

"असाच. सोमवारी कामावर जाईन असाच."

"आणि जेवाल कसे?"

"नळीने." सेवेरोचा आवाज चढला. "हे नाक परत कोण करणार आहे? हा करणार?" त्याने बोट रोखलं. आतून नीट दिसत नसल्यामुळे ते इलारियोनकाकांवर रोखलं गेलं, पण सगळ्यांना समजलं. "या नाकात राग आहे, दिसतो सगळ्यांना. पण रागावलेल्या माणसाला आतून किती एकटं वाटतं, तेही आहे त्यात. अकरा वर्षं मी याच्या शेजारी नाचलोय, मला माहीत आहे. ताता सोडून हे कोणाला जमणार? क्लेतोने हात झिजवले तरी त्याच्याकडून असं एक नाक व्हायचं नाही!"

लोकांना वाटलं, आता क्लेतो भडकणार. पण क्लेतो नुसता उभा होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. एकाच वेळी कोणी कानाखाली द्यावी आणि गळ्यात हारही घालावा, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

ढोल आता कोपऱ्यावर आले होते. निएवेस बापासमोर उकिडवी बसली. तीन वर्षांपूर्वी ती सोळा दिवस तापाने बेशुद्ध होती. तो नवस तेव्हाचा.

"बाबा, नवस कोणासाठी बोलला होतात?"

"तुझ्यासाठी."

"मी उठले ना त्यातून?"

"उठलीस."

"मग तोंड कोणाला दाखवायचंय? मातेला, का आजोबांना?"

सेवेरो बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक होता की त्या भयानक तोंडाला तो शोभेना.

"ताता गेले तेव्हा मी कामावर होतो. निरोप आला, पण गाडी खाली करायची राहिली होती. म्हटलं, तासाभरात जाऊ. क्लेतो होता त्यांच्याजवळ. मी नव्हतो. मघाशी विसाव्याला हा भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. म्हटलं, मिनिटभर घालू. त्यांचे हात फिरलेत आतून. घालू आणि काढून ठेवू. तेवढ्यात शिट्टी झाली. चुकून नाही घातला मी."

क्लेतो पुढे आला. त्याने कात्री बाजूला ठेवली.

"दादा," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मधे कोणी काका नव्हता. "मान खाली घाल. हलू नकोस."

त्याने भावाच्या मानेवरची आयाळ दोन्ही हातांनी फाकवली. केसांच्या मुळाशी, जिथे कोणी कधी बोट घातलं नसतं अशा ठिकाणी, एक बारीक तार होती. क्लेतोने तिची गाठ सोडली. मग वरची, मग त्याच्या वरची. टाके उसवावेत तसे तारेचे फेरे सुटत गेले आणि तो मुखवटा मागून, उभ्या रेषेत, पेटीच्या झाकणासारखा उघडला.

सेवेरोचं डोकं बाहेर आलं. केस चरबीने चपटे झालेले, गाल सुजून लाल, डोळ्यांत पाणी. पण त्याने श्वास घ्यायच्या आधी मुखवट्याची ती उघडी कड हातात धरली आणि अंगठ्याने चाचपली.

"जोड आहे," तो म्हणाला.

"हो."

"तातांच्या कामाला जोड नसायचा."

"नसायचा." क्लेतो पायऱ्यांकडे बघत बोलत होता. "त्यांचा मुखवटा माझ्या हातून पडला. त्याच वर्षी, कार्निव्हलला दोन महिने होते. खिळ्याला टांगताना सटकला. प्लॅस्टर होतं, तुकडे तुकडे झाले. तुझ्याकडे येऊन सांगणार होतो. पण तू 'चोर' म्हणाला होतास ना, म्हटलं आता 'मोडतोडही केलीस' म्हणशील. मग बसून दुसरा केला. साप केला, दात केले. अखंड नाही जमला. दोन तुकड्यांत केला, तारेने शिवला आणि वर आयाळ चिकटवली."

"आणि नाक?"

"नाकाचा तर भुगाच झाला होता. तातांचं कसं होतं ते आठवेना. माझ्या मनाने केलं. तेव्हा आपलं भांडण नवीन होतं."

सेवेरो भावाकडे बघत राहिला. अकरा वर्षं चहाच्या दुकानांत, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतींत आपण कोणाची तारीफ करत होतो, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून लागत होता.

"नालायका," तो शेवटी म्हणाला, "एवढं चांगलं करता येतं, तर दुकानात भोपळे का टांगतोस?"

"गिऱ्हाइकं तातांसारखं मागतात. त्यांच्यासारखं करायला गेलो की भोपळा होतो."

"आत चला!" इलारियोनकाकांनी दोघांच्या पाठीत एकदमच धपका घातला. "पाच मिनिटं राहिलीत. बाकीचं मातेसमोर बोला."

दारावरच्या सेवेकऱ्याने सेवेरोचं ते चरबीने माखलेलं, सुजलेलं तोंड बराच वेळ न्याहाळलं. "मघाचंच बरं होतं," म्हणाला आणि बाजूला झाला.

आत मेणबत्त्यांचा धूर होता. आपापली तोंडं शेजारी ठेवून सैतान गुडघ्यांवर पुढे सरकत होते. कोणी रडत होतं, कोणी पुटपुटत होतं. सेवेरोने मातेला म्हणायचं सगळं तीन वर्षं पाठ केलं होतं, पण आता त्यातलं एक वाक्य आठवेना. "पोरगी बरी आहे," एवढंच तो म्हणाला. मग त्याने शेजारी पाहिलं. क्लेतोने हात जोडले होते. नखांच्या कडेला प्लॅस्टर बसून पांढरं झालेलं, उजवी तर्जनी जराशी वाकडी. तातांचे हात असेच दिसायचे. क्लेतोच्या हातांकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बाहेर पडायची हाक येईपर्यंत सेवेरो त्या हातांकडे बघत राहिला, आणि मातेने काही वावगं मानलं नसावं.

बाहेर आले तर वेगळाच प्रकार होता. बातमी पसरली होती. तातांचा शेवटचा मुखवटा मोडला! लोक टोप्या काढून उभे होते. सैतानांच्या तीन-चार पथकांतली जुनी माणसं एकेक करून पुढे येत होती आणि दोघा भावांचे हात हातात घेत होती.

"फार वाईट झालं."

"असा मुखवटा आता होणे नाही."

"धीर धरा. पण निदान तुम्ही दोघे एक झालात, तातांना तेवढंच समाधान."

"अहो, पण तो तातांचा नव्हताच!" सेवेरो म्हणाला. "क्लेतोने केलेला होता. सगळाच्या सगळा. याने!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ऊन लागलंय," एकजण हळू आवाजात म्हणाला. "दोन तास कोंडला होता बिचारा."

"लागलं नाही ऊन मला! क्लेतो, सांग यांना."

"मीच केला होता," क्लेतो म्हणाला. अकरा वर्षं जे कोणाला कळू नये म्हणून तो झोपेतसुद्धा सांभाळून होता, ते त्याने भर चौकात, दोनशे सैतानांसमोर सांगितलं.

कोणीही विश्वास ठेवला नाही.

मघाच्या म्हाताऱ्या बाईने शालीने डोळे पुसले. "बघा, भावासाठी कसा खोटं बोलतोय. मन मोठं आहे हो, मघाशी मी उगाच बोलले."

"अहो मावशी, खोटं नाही! जोड बघा, जोड!" सेवेरोने मुखवटा उलटा करून तिच्यासमोर धरला.

"आत्ता ओढताना उसवला असेल," कोणीतरी म्हणालं.

"तार आहे आत! तातांनी कधी तार वापरली?"

"म्हातारपणी वापरली असेल. डोळे गेले होते त्यांचे."

"तातांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते!" आता सेवेरोच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मुखवटा खाली ठेवून त्याने त्या माणसाची कॉलरच धरली. "मी सांगतोय ना, माझ्या भावाने केलंय! तुम्हाला काय वाटतं, त्याला येत नाही? आँ? तुम्ही कोण ठरवणार, त्याला काय येतं आणि काय नाही?"

"तूच तर सांगायचास, भोपळे करतो म्हणून!"

"मी सांगेन! मी त्याचा भाऊ आहे! तुम्ही कोण सांगणार?"

निएवेस आणि दोन सैतानांनी मिळून त्याला सोडवलं. इलारियोनकाकांनी मुखवट्याचे सुटलेले भाग जमिनीवरून हलक्या हाताने उचलले, फुंकर मारून धूळ झटकली, त्यांचं चुंबन घेतलं आणि क्लेतोच्या हातात दिले.

"बाळ, तू दुरुस्त कर हा," ते गहिवरून म्हणाले. "पण जपून. तातांचं काम आहे. तुझी अक्कल त्यात चालवू नकोस."

क्लेतोने मुखवटा घेतला. त्याने एकदा भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाही चालवणार," तो म्हणाला.